मांजरमावशीला विचारा : उचलायची घाई, माणसाळवायला उशीर

पाऊस सुरू झाला की माझ्या टपालात पिल्लंच पिल्लं. जिन्याखाली सापडली, गाडीच्या बोनेटमधून काढली, वॉचमनने आणून दिली, पोरीने दप्तरात घालून आणली. सगळ्यांना उत्तरं द्यायची तर अख्खा अंक लागेल म्हणून सहा पत्रं निवडलीत. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, घरात येणारी-जाणारी पिल्लं सांभाळत आले एवढंच माझं क्वालिफिकेशन. त्यामुळे जुलाब, उलट्या, डोळे चिकटलेत, पिल्लू खात नाही, असलं काही असेल तर पत्र लिहीत बसू नका, उचला आणि डॉक्टरकडे न्या. पत्र छापून येईपर्यंत एवढासा जीव थांबत नाही.

प्रश्न : मावशी, आमच्या चाळीत जिन्याखाली मीटरबॉक्सच्या मागे तीन पिल्लं सापडली, डोळेपण उघडले नाहीयेत. आई कुठे दिसेना, पाऊस धो धो, म्हणून घरी घेऊन आले. सारखी रडतायत. गाईचं दूध पाणी घालून कापसाने देतेय. नवरा म्हणतो परत ठेवून ये, सासूबाई म्हणतात माणसाचा हात लागला की मांजर पिल्लांना जवळ घेत नाही. काय करू?
– एक वाचक, लालबाग

तुला त्याच दिवशी फोन केला होता, पण हेच पत्र दर पावसाळ्यात कोणाकडून तरी येतं म्हणून सगळ्यांसाठी लिहितेय.

अगं, आई पळून गेलेली नसते, ती खायला गेलेली असते. तीन पिल्लं पाजायची तर तिला स्वतःला किती खावं लागत असेल, मग ती मच्छीवालीच्या पाटीपाशी नाहीतर खानावळीच्या मागच्या दाराशी तासन्‌तास बसते, आणि पिल्लांभोवती माणसं जमली असतील तर समोरच्या पत्र्यावर बसून आपण कधी टळतोय याची वाट बघते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही. जागा बदलताना ती एकेकाला तोंडात धरून नेते, म्हणजे मधल्या वेळात एक तिथे आणि दोन इथे, आणि नेमकं तेव्हाच आपल्यासारखं कोणीतरी दयाळू येऊन उरलेली दोन उचलून नेतं. सासूबाईंना सांग, हात लागल्याने काही होत नाही, मांजर आपली पिल्लं परत घेते. बहुतेक वेळा तरी घेतेच.

मग करायचं काय, तर लांबून बघायचं. पिल्लांची पोटं भरलेली असतील, अंग गरम असेल, एकावर एक पडून गप्प झोपली असतील तर आई आहे. पाणी येत असेल तर पुठ्ठ्याचा खोका आडवा करून आत जुनं फडकं घालायचं आणि तिथेच, चार-पाच हातांवर, कोरड्या कोपऱ्यात ठेवायचा. दुसऱ्या मजल्यावर नाही, तिथेच. आणि भोवती पिठाचं रिंगण टाकायचं, रांगोळीसारखं. दोन-तीन तासांनी येऊन बघायचं, पिठात पावलं उमटली असतील तर आई येऊन गेली, तू झोपायला मोकळी. तुझ्याकडे रात्री साडेअकराला खोका परत ठेवला आणि पहाटे दूधवाला यायच्या आत तिन्ही पिल्लं गायब, पिठाची पावलं थेट पोटमाळ्यापर्यंत. नवरा बरोबर होता, त्याला माझ्याकडून सांगू नकोस.

आता खरंच आई नसेल तर. म्हणजे गाडीखाली गेलेली बघितली, किंवा बरेच तास झाले आणि पिल्लं गार पडलीत, पोटं आत गेलीत. डोळे मिटलेले म्हणजे वय फार तर दोन आठवडे, कारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आत डोळे उघडतात. या वयात पहिली गरज दुधाची नाही, उबेची. गार पिल्लाला दूध पचत नाही, पोटात तसंच राहतं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे जास्त झालं तर त्याला सरकता येतं. अंग ऊबदार झालं की मगच दूध, आणि तेही मांजराच्या पिल्लांची पावडर मिळते ते, डब्यावर लिहिलंय त्या मापाने. गाईच्या दुधातलं लॅक्टोज त्यांना झेपत नाही, जुलाब होतात आणि शंभर ग्रॅमच्या जीवाला जुलाब म्हणजे संपलंच. पाणी घालून तर पोषण आणखी पातळ. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. हो, रात्रीसुद्धा.

पाजताना पिल्लू पालथं, पोटावर, जसं ते आईला पितं तसं. बाळासारखं मांडीवर उताणं धरायचं नाही. माझं पहिलं पिल्लू मी उताणं धरूनच पाजलं होतं, डोळ्यात टाकायच्या औषधाच्या ड्रॉपरने, भराभर, कारण मला वाटलं भुकेलंय. दूध नाकातून आलं, दोन दिवस त्याच्या छातीत घरघर वाजत होती आणि तिसऱ्या दिवशी गेलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटते.

पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने खालून हळूहळू पुसायचं, तेव्हा ते शू-शी करतं. तीन आठवड्यांपर्यंत त्यांना ते आपलं आपण जमत नाही, आई चाटून करवते. आणि किचनमधला वजनकाटा काढायचा. जन्मतः साधारण 100 ग्रॅम, रोज 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं, एक दिवस जरी वजन उतरलं तर डॉक्टर. तुम्हा लालबागकरांना तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल हाकेवर आहे. पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट लिहिलेलं असतं, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगायचं.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून अंदाजे दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. चार दिवस झाले, वॉशिंग मशिनच्या मागून बाहेर येत नाही. हात घातला की फिस्कारतं, काल मिस्टरांना बोचकारलं. मुलं हिरमुसली आहेत, त्यांना मांडीवर घ्यायचंय. वन बीएचके आहे. आमचं काही चुकतंय का, की ते जंगलीच राहणार?
– कांदिवली पूर्व

आधी मिस्टर. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं होतं का? नसेल धुतलं तरी आज डॉक्टरला दाखवा, रस्त्यावरच्या पिल्लाचं बोचकारणं हसण्यावारी न्यायचं नाही, रेबीज एकदा झाला की उपाय नाही. पालिकेच्या हॉस्पिटलात लस फुकट मिळते. ते झालं की पुढचं वाचा.

जंगली वगैरे काही नाही हो, घाबरलंय. पिल्लू माणसाळायचा मुख्य काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. त्या काळात ज्याचा वास, आवाज, स्पर्श त्याला ओळखीचा होतो ते त्याच्या दृष्टीने घरचं, बाकी सगळं वाघ. 1980च्या दशकात अमेरिकेत आयलीन कार्श नावाच्या संशोधक बाईंनी हे मोजून बघितलं होतं, तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलेली पिल्लं माणसाजवळ जास्त वेळ रेंगाळायची आणि सातव्या आठवड्यापासून हात लागलेली त्यापेक्षा कमी. तुमचं पिल्लू तर आठवड्यांच्या हिशोबाने दाराबाहेर पाय टाकतंय, दार बंद झालेलं नाही. चार महिन्यांचं असतं तर मी एवढ्या खात्रीने बोलले नसते. म्हणून मी नेहमी म्हणते की आईपासून तोडायची घाई करू नका, आठ आठवडे तरी राहू दे, बारा राहिलं तर फारच छान, पण ओळख करायला मात्र आठ आठवडे थांबू नका. आईपाशी असतानाच रोज जाऊन बसा, हात फिरवा. लोक नेमकं उलट करतात, चार आठवड्यांचं असताना उचलून आणतात आणि मग ते घाबरलंय म्हणून एकटं सोडून देतात.

वॉशिंग मशिनच्या मागची जागा आधी बंद करा. तिथे ते वर्षभर राहील. अख्खं घर त्याला नको, त्याला एक लहान कोपरा हवा. मोठा घडीचा पिंजरा मिळाला तर उत्तम, नाहीतर बेडरूममध्ये कपाट आणि भिंत यांच्या मधला कोपरा, त्यात लपायला आडवा खोका, एका टोकाला शी-शूचा ट्रे, दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी. एकमेकांना चिकटून नाही, आपणही संडासात ताट वाढून घेत नाही. खोक्यात मुलांचा वापरलेला, न धुतलेला टीशर्ट टाका.

मग खरी गोष्ट, खाणं. ताटली भरून ठेवून निघून जाऊ नका, त्याने ते ताटलीला माणसाळेल, तुम्हाला नाही. दिवसातून चार वेळा खायला द्या आणि दर वेळी तुम्ही जमिनीवर बसलेले असायला हवेत. चिकन नुसतं उकडून बारीक तोडलेलं, मीठ, कांदा, लसूण काही नाही, कांदा-लसूण मांजराला विषच. पहिल्या दिवशी वाटी दूर, तुम्ही मोबाइल बघत बसा, त्याच्याकडे बघू नका. टक लावून बघणं म्हणजे मांजराच्या भाषेत भांडण उकरून काढणं. नजर मिळालीच तर डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाटी जवळ, मग लांब दांड्याच्या चमच्यावर, मग बोटावर. बोट चाटत असताना दुसऱ्या हाताने गालावर हलकंसं, एकदाच. डोक्यावरून पंजा आणल्यासारखा हात आणायचा नाही आणि पोटाला तर अजिबात नाही. फिस्कारलं तर हात झटकन मागे घेऊ नका, जिथे आहे तिथे थांबा, मग हळू काढा, नाहीतर फिस्कारलं की माणूस पळतो हे ते लगेच शिकतं, आणि ते धडे फार पटकन घेतं.

मुलांना सांगा, आठ दिवस मांडी विसरा. त्यांचं काम वेगळं, कोपऱ्याजवळ बसून मोठ्याने अभ्यास वाचायचा. पाढे म्हटले तरी चालतील. आणि हे सगळं एकट्या आईने करू नका, घरातल्या प्रत्येकाने एकेक वेळचं खाणं द्यायचं, शेजारच्या काकांना पण बोलवा, नाहीतर ते तुमचं एकटीचं मांजर होईल आणि पाहुणे आले की पलंगाखाली. कुकरची शिट्टी, मिक्सर, बेल ही सगळी त्याच्या ओळखीची व्हायला हवीत, मिक्सर आधी दुसऱ्या खोलीतून, तेव्हाच तोंडात चिकन. गणपती येतायत, तर आत्तापासून ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात, खाताना, रोज थोडं वाढवत. माझ्या घरातला एक बोका आता मिरवणुकीत खिडकीत बसून झोपतो.

आणि हे चालू असतानाच एकदा डॉक्टर, टॉवेलमध्ये गुंडाळून. जंताचं औषध आणि लसी चालू करायला वय झालेलंच आहे, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर. पिसवा असतील म्हणून कुत्र्याचं औषध लावू नका, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, मांजर तडफडून मरतं. आंघोळ पण नको. फिनाइलने लादी पुसणं बंद करा, ते पायाला लागतं आणि पाय चाटले जातात.

प्रश्न : आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा येत नाही. नातीने हट्टाने मांजराचं पिल्लू आणलंय. दूध-पोळी, दहीभात आवडीने खातं. आमच्या लहानपणी वाड्यातली मांजरं यावरच तर जगायची. एवढं पुरेल ना?
– एक आजी, विलेपार्ले

आजी, वाड्यातली मांजरं तुमच्यासमोर दहीभात खायची आणि तुमच्यामागे उंदीर, पाली, चिमण्या. म्हणून जगायची. आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर कुठून आणणार?

मांजराला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो, तो मांसात असतो, डाळ-भात-दुधातून पुरेसा मिळत नाही. कमी पडला तर काही महिन्यांनी डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय फुगतं. 1987 साली कॅलिफोर्नियात पॉल पिऑन या डॉक्टरांनी हे हृदयाचं कोडं सोडवलं, त्याआधी चांगल्या घरातली मांजरं विकतचं खाऊनसुद्धा मरत होती, तेव्हापासून तयार खाण्यात टॉरिन वरून घालतात. तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे पिल्लांसाठीचं म्हणून लिहिलेलं तयार कोरडं खाणं. त्यातही मांस असतंच, फसवणार नाही तुम्हाला, पण शिजवावं लागत नाही, वास फारसा येत नाही, वेगळा डबा, वेगळी वाटी, गॅलरीत, वाढायचं काम नातीचं. हट्ट तिचा आहे ना. दही चमचाभर चालेल लाडाने. आणि मनाला अगदीच पटत नसेल तर नातीला समजावून पिल्लू मांसाहारी घरात द्या, त्यात कमीपणा नाही.

जाता जाता मासे खाणाऱ्यांसाठीपण, रोज नुसते कच्चे बोंबील-मांदेली हा काही आहार नाही, आणि सुकट तर मिठाने भरलेली असते.

प्रश्न : आमची चिमणी तीन महिन्यांची आहे, दिवसभर गोड, पण रात्री अकरानंतर अंगात येतं. चालताना पोटरीला लटकते, हात दिसला की चावते. माझे हात बघून ऑफिसात लोक विचारतात काय झालं.
– घाटकोपरहून एक जण

लहान होती तेव्हा बोटं नाचवून खेळवलंत ना तिला? मग. बोट हे खेळणं आहे हे तुम्हीच शिकवलंत, तिला काय माहीत की आता दात मोठे झाले.

चावणं किती जोरात हे पिल्लं भावंडांकडून शिकतात, जोरात चावलं की समोरचं ओरडतं आणि खेळ मोडतो. एकट्याने वाढलेल्या पिल्लाला हा मास्तर मिळत नाही. तुम्ही तेच करा. चावली की हात ओढायचा नाही, सैल सोडायचा, उठायचं, दुसऱ्या खोलीत दोन मिनिटं. मारायचं नाही, तोंडावर पाणी उडवायचं नाही, त्याने चावणं थांबत नाही, तुमच्यावरचा विश्वास तेवढा जातो. काठीला दोरी आणि दोरीला कापडाचा गोळा, रात्री दहाला पंधरा मिनिटं धाप लागेस्तोवर पळवा, शेवटी गोळा पकडू द्या आणि लगेच जेवण. पळणं, पकडणं, खाणं, चाटणं, झोपणं, हा त्यांचा क्रम आहे. खेळ झाला की दोरी मात्र कपाटात, गिळली तर आतडी कापते. परवडत असेल तर तिच्याच वयाचं दुसरं पिल्लू आणा, हे ऐकून तुमच्या घरचे मला शिव्या देतील, पण दोन सांभाळणं एकापेक्षा सोपं जातं असा माझा अनुभव आहे.

आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात ऑपरेशनचं डॉक्टरांशी बोलून ठेवा. चार महिन्यांची भाटी गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत पिल्लं, आणि मग तुम्ही मला पहिलं पत्र पाठवाल.

प्रश्न : मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी येतेय. घरात पाच महिन्यांचं मांजर आहे. विहीणबाई म्हणतात ते आधी घालवा, पोटातल्या बाळाला रोग होतो. खरं आहे का?
– मुलुंड

अर्धं खरं आहे, म्हणूनच ते एवढं पसरतं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी आहे, तो मांजराच्या शीमधून पसरू शकतो आणि गरोदरपणात नवा संसर्ग झाला तर बाळाला धोका असतो. पण मांजराला कुरवाळून तो सहसा होत नाही. मांजर पहिल्यांदा बाधलं की साधारण एक ते तीन आठवडेच तो शीतून टाकतं, आणि ती शी पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोजच्या रोज साफ केला आणि तो मुलीने नाही तर तुम्ही किंवा यजमानांनी केला, तर बरंचसं काम झालं. मांजराला कच्चं मांस नको, बाहेर शिकारीला सोडू नका. मुलीने कुंड्यांच्या मातीत हात घालू नये, भाजी नीट धुवावी, मटण-चिकन पूर्ण शिजलेलं. कच्चट मांस आणि न धुतलेली भाजी हे रस्ते मांजर नसलेल्या घरांतही उघडेच असतात, हे विहीणबाईंना गोड शब्दांत सांगा. रक्ताच्या तपासणीचं तिच्या डॉक्टरांना विचारा. बाळ आल्यावर पाळण्यात मांजराला जाऊ देऊ नका, तो पाळणा आत्ताच आणून ठेवा आणि त्यात मांजर बसायला लागलं की उचलून खाली, रोज, म्हणजे तोपर्यंत सवय झालेली असेल.

प्रश्न : आमचं तीन रंगांचं पिल्लू, पांढरं-काळं-नारिंगी, त्याचं नाव बाजीराव ठेवलंय. मैत्रीण म्हणते मुलगी आहे. शेपूट वर करून बघितलं, काही कळलं नाही. शिवाय चौदाव्या मजल्यावर राहतो, खिडक्या स्लायडिंगच्या आहेत, चालेल ना?
– वडाळा

खिडकी आधी. नाही चालणार. मांजर हवेत पलटी मारून पायावर पडतं, पण पायावर पडणं म्हणजे वाचणं नव्हे, जबडा फुटतो, छातीत रक्त होतं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी या आठवड्यात लावून घ्या, संडासाच्या झडपेच्या खिडकीलासुद्धा, सगळे नेमके तीच विसरतात, आणि तोपर्यंत खिडक्या बंद.

आता बाजीराव. नारिंगी रंगाची जनुक एक्स क्रोमोसोमवर बसलेली असते. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो नारिंगी तरी असतो नाहीतर काळा तरी, दोन्ही रंग एकत्र हवेत तर दोन एक्स लागतात, म्हणजे भाटी. क्वचित एखाद्या बोक्याकडे जास्तीचा एक्स निघतो, पण तुमचाच तो असेल यावर मी पैज लावणार नाही. मस्तानी ठेवा.